परस्थळ

राजारामपुरीत कुणाचं घर शोधायला निघालात तर पहिला प्रश्न येतो, ‘कितवी गल्ली?’ शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत हा प्रश्न चालत नाही. तिथं तालमीचं नाव सांगावं लागतं, नाहीतर एखाद्या वाड्याचं, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांचं. राजारामपुरी मात्र आखून वसवलेली. मधून मेन रोड, त्याला फुटलेल्या सरळ गल्ल्या आणि गल्ल्यांना आकडे. छत्रपती राजाराम महाराजांची कारकीर्द १९२२ ते १९४०. वस्ती त्या काळातली, म्हणून नावही त्यांचं.

याच महाराजांनी १९३१ साली कोल्हापूर संस्थानचं स्वतःचं हायकोर्ट स्थापन केलं. राजारामपुरी वाढत गेली, टाकाळ्यापर्यंत आणि सायबर चौकापर्यंत पसरली. हायकोर्टाचं आयुष्य मात्र अठरा वर्षांचं भरलं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि हायकोर्ट संपलं. त्यावर फारसा कुणी शोक केल्याचं दिसत नाही. स्वातंत्र्य आलं होतं, संस्थानं मोडत होती, आणि राजाचं कोर्ट राजाबरोबर जायचंच, असं लोकांनी धरलं असावं. पुढं ऐंशीच्या दशकापासून वकिलांनी ‘आमचं हायकोर्ट होतं’ हे वाक्य खंडपीठ मागणाऱ्या प्रत्येक निवेदनात लिहायला सुरुवात केली, तेव्हा ते कोर्ट पुन्हा लोकांच्या बोलण्यात आलं.

न्यायालयांची रचना समजून घ्यायची तर पुस्तकातली कलमं वाचण्यापेक्षा एक साधा प्रश्न बरा: निवाडा बसतो कुठं? मराठ्यांच्या कागदपत्रांत याला एक नेमका शब्द आहे, ‘थळ’. वतनाचा, पाटीलकीचा, शेताच्या बांधाचा वाद उभा राहिला की आधी थळ ठरायचं. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून द्यायचे, जामीन द्यायचे आणि ‘पंच सांगतील ते कबूल’ असा राजीनामा लिहून द्यायचे. (आज राजीनामा नोकरी सोडताना देतात. तेव्हा तो निवाडा मान्य करण्यासाठी देत.) मग गोत बसायचं, म्हणजे गावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. साक्षी व्हायच्या आणि शेवटी सगळ्यांच्या निशाण्यांनिशी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. नांगर, कट्यार, तराजू, ज्याचा जो धंदा ती त्याची सही. जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्यानं गुन्हेगारी. न्याय फुकट कधीच नव्हता.

या व्यवस्थेतली मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट म्हणजे परस्थळ. आपल्या गावचं गोत समोरच्याच्या बाजूनं झुकलंय असं एखाद्याला वाटलं तर तो परस्थळ मागू शकत असे. आमच्या गावात नको, दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या परगण्याच्या गोतापुढं मनसुबी, म्हणजे निवाडा, होऊ द्या, अशी ती मागणी. धर्माचा मुद्दा असेल तर प्रकरण कऱ्हाडला, पैठणला जायचं. वि. त्रिं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अशा प्रकरणांचा ढीग आहे. ती वाचताना ध्यानात येतं की त्या काळच्या माणसाला न्याय जवळ हवा होता, पण फार जवळ नको होता. जवळचे लोक ओळखीचे असतात, आणि ओळखीचा माणूस भाऊबंदकीत कुठल्या तरी बाजूचा असतोच.

कोल्हापूरकरांनी दोनशे वर्षं वरच्या कोर्टाची वाट पाहिली, कधी त्याला टाळलं, कधी त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले. त्या सगळ्यात ही जवळ-लांबची ओढाताण मला दिसत आली आहे.

एकोणिसाव्या शतकात ही ओढाताण इंग्रजांनी आपल्या हातात घेतली. १८४४ साली सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव पेटला. त्यामागं इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभाराविषयीचा राग होता. उठाव मोडला आणि कारभार पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या हाती गेला. १८६२ च्या करारानं छत्रपतींचे अधिकार त्यांना परत मिळाले, पण सगळे नव्हे. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी हे मोठे जहागीरदार कोल्हापूरचे मांडलिक. त्यांच्या जहागिरींत त्यांचे स्वतःचे न्यायाधीश असत, पण मोठ्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर इंग्रज अधिकाऱ्याची देखरेख राहिली. म्हणजे एकाच संस्थानात तीन हात न्याय करत होते: जहागीरदाराचा, छत्रपतींचा आणि या दोघांच्या डोक्यावरून इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाचा.

संस्थानच्या बाहेर तर आणखी मौज. शिरोळहून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड संस्थान, आणि त्यातही थोरली पाती, धाकटी पाती. पुढं मिरज, तेही थोरलं आणि धाकटं. मग सांगली. खाली बेळगाव जिल्हा, तो खालसा, म्हणजे थेट इंग्रजांचा. दिवसभराच्या बैलगाडीच्या प्रवासात माणूस चार कायद्यांच्या हद्दीतून जाई. चोरट्यांची यामुळं चांगलीच सोय होत असणार.

करवीर, पन्हाळा, शिरोळ, आळते, गडहिंग्लज आणि भुदरगड हे संस्थानचे पेटे, म्हणजे तालुके. खाली पेट्यातली कोर्टं, वर सरन्यायाधीश आणि सगळ्यांच्या वर हुजूर, अशी चढण होती. या चढणीवर एक नाव थोडा वेळ दिसतं आणि नाहीसं होतं. १८६८ साली कोल्हापूरला न्यायाधीश म्हणून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण. त्याचे वडील याच संस्थानच्या नोकरीत होते, त्याची शाळाही याच गावात झालेली. महादेव गोविंद रानडे. ते इथं फार काळ राहिले नाहीत, मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला गेले. पुढं पुणे, नाशिक, धुळे अशा बदल्या झेलत १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या जागी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. कोल्हापूरच्या कोर्टातून मुंबईच्या हायकोर्टात जाण्याची वाट तेव्हाही होती, फक्त ती पक्षकारासाठी नव्हती. संस्थानच्या कोर्टाच्या निकालावर मुंबई हायकोर्टात अपील चालत नसे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलातही नाही. शेवटचा शब्द छत्रपतींचा.

कागदावर शेवटचा. वेदोक्त प्रकरणात तो किती शेवटचा होता हे दिसलं. राजघराण्याच्या पुरोहितांनी, म्हणजे राजोपाध्यांनी, महाराजांच्या घरी वेदोक्त विधी करायला नकार दिला, म्हणून शाहू महाराजांनी १९०२ साली त्यांची इनामं खालसा केली. राजोपाध्ये गप्प बसले नाहीत. ते पोलिटिकल एजंटाकडं गेले, तिथून मुंबई सरकारकडं, तिथून थेट व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारपर्यंत. प्रत्येक पायरीवर त्यांच्या विरोधात निकाल लागला. पण अपील जाऊ शकलं हेच बोलकं आहे. महाराजांच्या डोक्यावर एक न लिहिलेलं हायकोर्ट होतं आणि त्यात कायद्यापेक्षा साम्राज्याची सोय जास्त पाहिली जात असे. राजोपाध्यांनी मागितलं ते एक प्रकारचं परस्थळच. फक्त ते गोत सिमल्यात बसत होतं.

शाहू महाराजांची न्याय करण्याची स्वतःची रीत होती. सोनतळीच्या कॅम्पवर, गाडीतून जाताना, शिकारीच्या वाटेवर माणसं अर्ज घेऊन उभी राहायची आणि महाराज तिथंच हुकूम सोडायचे. ही रीत आठवणींच्या पुस्तकांत फार गोड वाटते. मला तिच्याविषयी आदर आहे, पण एक शंकाही आहे. ज्याला रस्त्यात गाठता येतं तो न्याय महाराज पुण्यात किंवा मुंबईत असले की बंद राहतो. म्हणून त्यांचं त्याहून टिकाऊ काम मला दुसरीकडं दिसतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. ज्यांच्या सावलीची अडचण व्हायची ते आता कोर्टात उभे राहून ‘युवर ऑनर’ म्हणणार होते. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बरखास्त झाली, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद झाली. १९१९ मध्ये बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा आला. कोर्टाची रचना म्हणजे फक्त न्यायाधीशांची उतरंड नाही. कोर्टाच्या दारात कोण उभं राहू शकतं हाही त्याच रचनेचा भाग आहे.

१९३० चं दशक उजाडलं तेव्हा जग बदललं होतं. राजानं रस्त्यात उभं राहून निवाडा देणं जुनं वाटू लागलं होतं. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा या मोठ्या संस्थानांत रीतसर हायकोर्टं होती. कोल्हापूरचं क्षेत्र ३,२०० चौरस मैलांहून थोडं अधिक, म्हणजे त्यांच्यापुढं लहानच. तरी राजाराम महाराजांनी १९३१ मध्ये ते पाऊल टाकलं. सरन्यायाधीशाच्या जागी हायकोर्ट येणं म्हणजे पाटी बदलणं नव्हे. एका माणसाच्या निकालाऐवजी न्यायपीठाचा निकाल येतो, निकालाला कारणं द्यावी लागतात, आणि आजचा निकाल उद्या दाखला म्हणून पुढं येतो. राजाच्या मर्जीला कागदाचं कुंपण पडतं.

मग १९४९. विलीनीकरणानं कोल्हापूर एक जिल्हा झाला आणि वरची पायरी ४०० किलोमीटरच्या आसपास सरकली.

इथं नागपूरची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण कोल्हापूरचे वकीलही ती काढल्याशिवाय राहत नाहीत. नागपूरला १९३६ पासून हायकोर्ट होतं. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी जो नागपूर करार झाला, त्यात नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ राहील असं वचन होतं. १९५६ साली राज्यं पुनर्रचित झाली आणि वचन पाळलं गेलं. नागपूरकडं घासाघीस करायला एक प्रदेश होता, येऊ की नको असं म्हणण्याची ताकद होती. कोल्हापूरकडं १९४९ साली तसं काही नव्हतं. विलीनीकरणाच्या करारात राजाचा तनखा, राजाचे मान-मरातब यांची बोलणी झाली; कोर्टाची कुणी केली नाहीत. त्यामुळं ‘नागपूरला मिळालं, आमचंही हायकोर्ट होतं, आम्हाला का नाही’ हा युक्तिवाद भावनेला पटतो, इतिहासाच्या कसोटीवर तो लंगडा आहे. कोल्हापूरचा खरा आधार वेगळा होता, त्याकडं येतोच.

त्याआधी आजची उतरंड पाहून घेऊ. समजा राजारामपुरी पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदला. आरोपीला आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करतात. या दंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत. खून, दरोडा, बलात्कार असे खटले सत्र न्यायालयात जातात. सत्र न्यायाधीश फाशीसुद्धा देऊ शकतो, पण हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. दिवाणी बाजूला तालुक्याला कनिष्ठ स्तर, त्यावर वरिष्ठ स्तर, त्यावर जिल्हा न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश ही एकाच माणसाची दोन नावं, सकाळी जमिनीचं अपील आणि दुपारी खुनाचा खटला. इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूर, पन्हाळा इथली कोर्टं याच साखळीतली. स्वातंत्र्यानंतर न्यायदंडाधिकारी महसूल खात्यापासून सुटे झाले. तोवर मामलेदाराकडं वसुलीही असे आणि फौजदारी खटलाही, म्हणजे ज्यानं सारा मागायचा त्यानंच न्याय करायचा.

या साऱ्यांच्या वर हायकोर्ट. ते फक्त अपिलं ऐकत नाही. घटनेच्या कलम २२७ प्रमाणं खालच्या कोर्टांवर देखरेख त्याची, कलम २३५ प्रमाणं खालच्या न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या, शिस्त यांचं नियंत्रण त्याचं, आणि कलम २२६ प्रमाणं सरकारच्या कोणत्याही कृतीला आव्हान देणारी रिट याचिका त्याच्यापुढं. बदलीचा हुकूम, रद्द झालेला दाखला, धरणात गेलेली जमीन, सहकारी संस्थेची निवडणूक, अशा प्रकरणांत सामान्य माणसाची पहिलीच पायरी हायकोर्ट असते. पश्चिम महाराष्ट्रात सहकार किती आणि त्यातली भांडणं किती, हे वाचकाला सांगायला नको.

२०२५ च्या ऑगस्टपर्यंत ही पायरी चढायची तर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, किंवा लक्झरी बस. पहाटे मुंबईत उतरून कुठंतरी तोंड धुवायचं, फोर्टात कोर्टाबाहेर उभं राहायचं. दुपारपर्यंत प्रकरण बोर्डावर आलं तर नशीब. नाही आलं तर पुढली तारीख घेऊन रात्री परतीची गाडी. मुंबईच्या वकिलाची फी वेगळी, स्थानिक वकिलाची वेगळी, दोन दिवसांची मजुरी बुडायची ती वेगळी. आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ होते. भावाशी वाटणीचा दावा, दुसरं अपील हायकोर्टात. मुंबईला जाताना ते आपला फाईलचा गठ्ठा जुन्या साडीच्या फडक्यात बांधून न्यायचे, कारण पिशवी चोरीला जाईल पण फडकं कुणी उचलणार नाही, असा त्यांचा हिशेब. दाव्याचा निकाल लागण्याआधी ते गेले. दावा मुलांच्या नावावर पुढं चालू राहिला.

कोल्हापूरचा खरा आधार हा होता. १९३१ चं हायकोर्ट नव्हे, तर हा रात्रीचा प्रवास.

सिंधुदुर्गाचं उदाहरण तर विनोदी म्हणावं असं. १९८२ साली गोवा मुंबई हायकोर्टाच्या अधिकारात आला आणि पणजीला खंडपीठ झालं. सावंतवाडीहून पणजी दीड-दोन तासांवर. पण सावंतवाडीच्या माणसाला त्या कोर्टात जाता येत नव्हतं, कारण ते गोव्याचं. त्याच हायकोर्टाच्या मुंबईच्या दारात त्यानं ५०० किलोमीटर जायचं. जवळचं थळ दिसतंय, पण आपलं नाही.

मागणीला धग आली ती औरंगाबादमुळं. १९८१ साली मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ चा आधार घेऊन औरंगाबादला न्यायमूर्तींच्या बैठका सुरू केल्या, २७ ऑगस्टपासून. या कलमाची तीन पोटकलमं नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण पुढची चाळीस वर्षं कोल्हापूर त्यांच्याभोवती फिरलं. पहिलं: हायकोर्टाचं मुख्य ठिकाण राष्ट्रपती ठरवणार. दुसरं: राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून राष्ट्रपती कायमचं खंडपीठ देऊ शकतात. तिसरं: या दोन्हींची वाट न पाहता, राज्यपालांची मान्यता घेऊन मुख्य न्यायमूर्ती आपल्या न्यायमूर्तींना राज्यात इतरत्रही बसवू शकतात. कायमच्या खंडपीठाचा रस्ता दिल्लीवरून जातो, फिरत्या खंडपीठाचा मुख्य न्यायमूर्तींच्या टेबलावरून. औरंगाबादच्या निर्णयाला आव्हान मिळालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये तिसऱ्या पोटकलमाचा अधिकार स्वतंत्र आहे असा निकाल लागला. १९८४ मध्ये औरंगाबादला राष्ट्रपतींच्या आदेशानं कायमचं खंडपीठ मिळालं. आधी फिरतं, मग कायमचं, हा क्रम कोल्हापूरकरांनी तेव्हापासून पाठ केला.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील एकत्र आले. मोर्चे निघाले, साखळी उपोषणं झाली, आठवडेच्या आठवडे कोर्टाचं काम बंद राहिलं. पुण्यानंही आपली मागणी पुढं रेटली आणि दोन शहरांच्या चढाओढीत मुंबईला निर्णय न घेण्याचं छान कारण मिळालं. काम बंद आंदोलनाविषयी माझं मत वकील मित्रांना आवडत नाही. त्या काळात जामिनाच्या अर्जावर तारीख पडलेला माणूस बिंदू चौकातल्या किंवा कळंब्याच्या तुरुंगात बसून होता. न्याय जवळ यावा म्हणून आहे तो न्याय बंद ठेवायचा, याचा हिशेब त्याच्या बायकोला कुणी समजावला असेल?

विरोधकांचाही एक मुद्दा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. खंडपीठं वाढली की हायकोर्टाचे तुकडे पडतात. ग्रंथालय, ज्येष्ठ वकील, निकालांची एकसूत्रता, सगळं विखुरतं. आणि मुख्य म्हणजे कोर्ट स्थानिक वाऱ्यात येतं. हा परस्थळाचाच मुद्दा. ज्या भागात आमदार, कारखान्याचा चेअरमन, बँकेचा अध्यक्ष आणि शिक्षणसंस्थेचा संस्थापक कधी कधी एकच माणूस असतो, तिथं हायकोर्ट मुंबईत असणं हे कुणाकुणाला संरक्षण वाटत असेलच.

यावर मला सुचलेलं उत्तर असं. फिरत्या खंडपीठात थळ जवळ येतं, न्यायाधीश मात्र बाहेरचा राहतो. मुंबईतून नेमलेले न्यायमूर्ती येतात, बसतात, जातात. त्यांची नेमणूक मुख्य न्यायमूर्ती बदलू शकतात. गाव आपलं, गोत परकं. परस्थळ मागणाऱ्या माणसाला जे हवं होतं ते त्याला त्याच्याच गावात मिळावं, अशी ही तडजोड आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात हा विचार होता की नाही, कुणास ठाऊक.

२०२५ च्या मे महिन्यात भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांची बरीचशी वकिली नागपूर खंडपीठात झालेली. खंडपीठानं एखाद्या भागाचं काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि कोल्हापूरच्या मागणीला आपला पाठिंबा त्यांनी लपवलाही नव्हता. १ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी तिसऱ्या पोटकलमाखाली अधिसूचना काढली. हातात अडीच आठवडे होते.

जागा ठरली भाऊसिंगजी रोडवरची जुनी जिल्हा कोर्टाची इमारत, सीपीआर हॉस्पिटलच्या समोर. जिल्हा कोर्ट काही वर्षांपूर्वी कसबा बावड्याच्या नव्या न्यायसंकुलात गेलं होतं आणि ही दगडी वास्तू धूळ खात पडलेली. दिवसरात्र काम करून ती उभी केली. शेजारची राधाबाई बिल्डिंगही सजली. शाहू महाराजांच्या मुलीचं, अक्कासाहेबांचं हे नाव हायकोर्टाच्या पत्त्यात आलं, हा योगही छानच. १७ ऑगस्टला, रविवारी, उद्घाटन झालं, मेरी वेदर मैदानावर मोठी सभा झाली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी १८ ऑगस्टला, कामकाज सुरू. न्या. एम. एस. कर्णिक आणि न्या. शर्मिला देशमुख यांचं द्विसदस्य पीठ, न्या. एस. जी. डिगे आणि न्या. एस. जी. चपळगावकर यांची एकल पीठं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं त्या दिवसापासून इथं. आराधे त्याच महिन्याच्या २९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. अधिसूचना चार आठवडे लांबली असती तर कोल्हापूरला नव्या मुख्य न्यायमूर्तींकडं पहिल्यापासून निवेदन द्यावं लागलं असतं.

या अधिसूचनेलाही आव्हान मिळालं, औरंगाबादसारखंच, आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२५ मध्ये ते फेटाळलं.

सगळ्या सहा जिल्ह्यांना हे सारखंच सोयीचं आहे असं मी म्हणणार नाही. सोलापूरकराला सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री झोपवून सकाळी मुंबईत उठवत होती, कोल्हापूरसाठी त्याला रस्त्यानं आडवं यावं लागतं. रत्नागिरीकराला पावसाळ्यात आंबा घाट ओलांडायचाय. पण गडहिंग्लजचा, आजऱ्याचा, शिराळ्याचा, पाटणचा माणूस सकाळची एसटी पकडून हायकोर्टात जाऊन रात्री जेवायला घरी येऊ शकतो. ही गोष्ट या सगळ्यांना आजवर कुठल्याही राजवटीत शक्य नव्हती. संस्थानी हायकोर्ट फक्त संस्थानच्या रयतेचं होतं. शिराळा आणि पाटण तेव्हाही खालसा मुलखात, त्यांचं हायकोर्ट तेव्हाही मुंबईतच.

अजून हे फिरतं खंडपीठच आहे, कायमचं नाही. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कात जागा राखली आहे. राजारामपुरीतून सायबर चौक ओलांडला की पुढं तोच भाग, जिथं संस्थानकाळापासून कुष्ठधाम आहे.

एक विनंती करून थांबतो. १९३१ ते १९४९ या अठरा वर्षांत कोल्हापूरच्या हायकोर्टानं दिलेले निकाल, त्यांच्या नकला, वकिलांची टिपणं अनेक घरांत अजून असणार. राजारामपुरीतल्या, शाहूपुरीतल्या, जुन्या पेठांतल्या ट्रंकांमध्ये, आजोबांच्या जमिनीच्या कागदांखाली. ती रद्दीत घालू नका. कोल्हापूरच्या पुरालेखागारात द्या, नाहीतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान त्याची प्रत द्या.